लेहला जानेवारीत फोन 30 टक्क्यांवरच बंद पडला. बॅटरी कामातून गेली का?

नाही, बॅटरी नुसती गारठलीय. ऊब मिळाली की टक्के बहुतेक परत दिसतील. लिथियम-आयन बॅटरीतला द्राव थंडीत दाटसर होतो, आयन (विद्युतभार वाहणारे कण) रेंगाळतात, आतला रोध वाढतो. अशात कॅमेरा उघडला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि चार्ज शिल्लक असूनही फोन मान टाकतो. ॲपलनेही आयफोन वापरायला 0 ते 35 अंश हीच मर्यादा दिलीय. फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नको, आत स्वेटरला लागून ठेवा. रात्री पॉवरबँकसकट पांघरुणात. खरा घोळ होतो चार्जिंगला. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटमध्ये (बॅटरीतल्या कार्बनच्या थरात) न शिरता त्याच्यावरच धातू म्हणून साचतं, आणि ते नुकसान बरंचसं कायमचं. म्हणून खोलीत आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून मगच चार्जर लावा. घाई म्हणून बुखारीशेजारी (खोली तापवायच्या शेगडीजवळ) ठेवाल, तर तेही नको. गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीचं गणित मात्र वेगळं: ती फुल चार्ज ठेवायची, कारण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होऊन गोठतं आणि डबा तडकू शकतो.