नागपूरहून कॅनडाला: फौजेतल्या सप्लाय डेपोचा अनुभव कसा मांडायचा

भाऊ, तुमचा प्रश्न असा: आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये २२ वर्षं, शेवटी इंधन आणि रेशनचा डेपो सांभाळला, आता वय ४२ आणि मुक्काम नागपूर. कॅनडात याच कामात शिरता येईल का, आणि निघण्याआधी घातक माल हाताळण्याचा कोणता कोर्स करावा?

शिरता येईल. कोर्सवर मात्र आत्ता एक रुपयाही घालू नका. इथे कॅनडात घातक मालाच्या वाहतुकीचं टीडीजी प्रमाणपत्र मालक देतो. रस्ता आणि रेल्वेसाठी ते ३ वर्षं चालतं, विमानासाठी २. नोकरी बदलली की नवा मालक नवं देतो. गोदामातल्या रसायनांचं ‘व्हिमिस’ प्रशिक्षणही कामाच्या जागीच होतं. तो पैसा इंग्रजीची परीक्षा आणि विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) लावा, आणि लगेच लावा. कॅनडात कायम राहण्यासाठीच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या गुणांवर चालणाऱ्या अर्जात तुमच्या वयाला दर वाढदिवसाला दहा-अकरा गुण जातात. ४५ व्या वर्षी वयाचे गुण शून्य. १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारा पदवी-समकक्षतेचा दाखला भारतातल्या सरकारी नोकरीसाठी ठीक, पण त्याला विद्यापीठाची गुणपत्रिका नसते. इग्नू किंवा तुकडोजी महाराज विद्यापीठाची पदवी असेल तर तीच पुढे करा.

अर्ज अडतो तो अनुभवाच्या पत्रापाशी. लेटरहेडवर पद, कामं, आठवड्याचे तास, पगार हे सगळं हवं असतं, आणि युनिट असं पत्र सहसा देत नाही. रेकॉर्ड ऑफिसला लेखी विनंती करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), कोर्सचे दाखले जोडा आणि पत्र का मिळालं नाही ते एका पानात लिहा. अर्जातला व्यवसायाचा कॅनडाचा सरकारी कोड हुद्द्यावरून ठरत नाही, कामावरून ठरतो; तुमच्यासाठी १२०१३, म्हणजे पुरवठा साखळीचा सुपरवायझर, हा तपासा. ‘इंडेंट’, ‘इश्यू व्हाउचर’, ‘एफओएल’ (इंधन, तेल, वंगण) हे शब्द इथे कळत नाहीत. मागणी नोंदवली, साठा मोजला, मुदत आधी संपणारा माल आधी काढला, इतकी माणसं हाताखाली होती, असं साधं लिहा. पण डेपोची जागा, साठ्याचे आकडे, किती दिवसांचा राखीव साठा, यातलं काहीही बायोडेटात नको. १९२३ चा गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. पुलगावच्या दारूगोळा डेपोत राहिलेल्यांनी तर हे दोनदा वाचावं.

आता प्रत्यक्ष काम. नागपुरात नवतपाच्या उन्हाची धास्ती, इथे उणे ३० ची, आणि चुका वेगळ्याच जागी होतात. उणे २५ मध्ये २०० लिटरचं बॅरल पेट्रोलने काठोकाठ भरलं आणि २० अंशाच्या गरम शेडमध्ये आणून ठेवलं, तर पेट्रोल साडेआठ-नऊ लिटरने फुगतं. बॅरलचं तोंड तिथेच पाझरतं. भरतानाच जागा सोडा. थंड हवा कोरडी असते, म्हणून स्थिर विजेची ठिणगी जास्त. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर लावला तर तो लावला न लावला सारखाच. रंग खरवडून उघड्या लोखंडावर चावला पाहिजे. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्याच्या जवळ जातं, गोठतं आणि डबा फोडतं, म्हणून बॅटऱ्या चार्ज करूनच ठेवायच्या.

मालासोबत जाणाऱ्या कागदावर क्रम पक्का हवा: यूएन १२०३, गॅसोलीन, ३, II. आधी क्रमांक, मग नाव, धोक्याचा वर्ग, पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी). शिवाय माल किती आणि आणीबाणीचा २४ तास उचलला जाणारा फोन. हा कागद गाडी चालवताना हाताशी आणि उतरताना सीटवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात. मागे ट्रेलरमध्ये ठेवला तर आगीच्या वेळी तो कुणाच्याच हाती लागत नाही. प्रत २ वर्षं जपायची. घातक मालाच्या अपघातांसाठीच्या नारिंगी आपत्कालीन पुस्तकात पेट्रोलसाठी मार्गदर्शक १२८ बघा: गळतीला चहूकडे ५० मीटर मोकळे, टँकर पेटला तर ८०० मीटर. मुलाखतीला जाण्याआधी एवढं तोंडपाठ करा. नागपुरातच मुख्यालय असलेल्या पेसोचे (स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) पेट्रोलियम नियम, २००२ तुम्ही पाळत आला असाल, तर तेही सांगा. सुरक्षित अंतर आणि परवाना म्हणजे काय हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही, एवढं त्यातून समोरच्याला कळतं.

संरक्षण कंपन्यांच्या मागे आधी लागू नका. तिथे नियंत्रित मालासाठी सुरक्षा तपासणी असते, वेळ जातो. इंधन वितरक, खाणींचे पुरवठादार, रसायनांची गोदामं इथे अर्ज करा. पहिलं काम बहुधा माल उतरवून घेणाऱ्या धक्क्यावरचं मिळेल, सुपरवायझरचं नाही. ते घ्या, आणि टीडीजी तिथेच करून घ्या.