‘ओल्ड-फॅशन्ड’मध्ये आघात नेमका कुठे?

आपला प्रश्न असा आहे की, शब्दकोशात ‘ओल्ड-फॅशन्ड’चा मुख्य आघात ‘फॅ’वर दाखवलेला असताना ‘ॲन ओल्ड-फॅशन्ड कोट’ म्हणताना ‘ओल्ड’वर जोर का ऐकू येतो, आणि या शब्दात अक्षरे किती मानायची. माझ्या मते कोशही बरोबर आहे आणि आपला कानही.

कोशातला उच्चार हा सुट्या शब्दाचा असतो. ‘द ऑथर इज वेल-नोन’ या वाक्यात जोर ‘नोन’वरच राहतो, पण ‘अ वेल-नोन ऑथर’ म्हणताना ‘नोन’ला लागूनच ‘ऑथर’चे आघाताचे पहिले अक्षर येते, आणि दोन ठोके असे एकाला एक खेटलेले इंग्रजीच्या लयीला मानवत नसल्यामुळे आधीचा ठोका मागे सरकून ‘वेल’वर जातो. बोटाने ताल धरून दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत, फरक लगेच जाणवतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टीन मेन’ यांतही हेच घडते, आणि आपल्या ‘ओल्ड-फॅशन्ड कोट’मध्येही ठोका असाच मागे ‘ओल्ड’वर सरकतो. ध्वनिशास्त्रज्ञ जे. सी. वेल्स यांच्या १९९० च्या लाँगमन उच्चारकोशात असा आघात सरकवणाऱ्या शब्दांपुढे खास खूण केलेली आहे.

मात्र ज्यांचा मुख्य आघात मुळात दुसऱ्या पदावर आहे (बॅड-टेम्पर्ड, ड्यूटी-फ्री), त्यांनाच हे लागू पडते. ‘हार्टब्रेकिंग’ आणि ‘सनबर्न्ट’ यांत तो पहिल्याच पदावर असल्याने सरकण्याचा प्रश्न येत नाही. नामापुढे धातुसाधित (क्रियापदापासून बनलेले ‘मेड’, ‘ब्रेकिंग’सारखे रूप) आले की आघात पहिल्या पदावर, असा ठोकताळा काही जण सांगतात, पण ‘होम-मेड’ तो लगेच मोडतो; म्हणून मी तरी दर वेळी कोश उघडतो.

अक्षर म्हणजे येथे एका स्वराभोवतीचा उच्चारखंड, लिपीतले अक्षर नव्हे; देवनागरीत ‘ओल्ड’ची अक्षरे दोन दिसली तरी उच्चारात ते एकच आहे. त्यामुळे ‘ओल्ड-फॅशन्ड’ची अक्षरे तीन होतात. शब्दाच्या शेवटी लिहिल्या जाणाऱ्या ‘ईडी’चे (-ed) वेगळे अक्षर सहसा ‘ट’ किंवा ‘ड’ या ध्वनींनंतरच होते, म्हणून ‘ॲब्सेंट-माइंडेड’ची चार.

अक्षरे तोडताना दोन पदांमधली सीमा ओलांडू नये. ‘हीट-रेझिस्टंट’मधला ‘ट’ हा ‘हीट’चा आहे, तो पुढच्या ‘र’ला जोडून ‘ट्री’तल्यासारखा उच्चारला, तर ‘ही-ट्रेझिस्टंट’ असे काहीतरी ऐकू येते आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो.