विनोदी कविता आणि पेटी, एवढ्यावर आयुष्य काढलेला कुणी कलाकार आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शाळेत शिक्षक आहात, गणेशोत्सवात आणि स्नेहसंमेलनांत पेटीवर स्वतःच्या विनोदी कविता म्हणता, लोकांना त्या आवडतात आणि आता नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं मनात घोळतंय. असं आधी कुणी केलंय का आणि त्याचं पुढे काय झालं, हा तुमचा प्रश्न. मी पेटी शिकवते, त्यामुळे प्रश्न वाचल्याबरोबर एकच नाव डोक्यात आलं. माणूस आपल्याकडचा नाही, ग्लासगोचा आहे. आयव्हर कटलर. शिक्षक, कवी, पेटीवादक, मुलांच्या पुस्तकांचा लेखक, आणि एकदा बीटल्सच्या सिनेमातला नट.

जन्म १५ जानेवारी १९२३, ग्लासगोच्या गव्हन भागात, पूर्व युरोपातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात. दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात नॅव्हिगेटर म्हणून भरती झाला, पण गडी सतत तंद्रीत, म्हणून त्याचं उड्डाण बंद करून त्याला स्टोअरमध्ये बसवलं. युद्ध संपल्यावर तो शिक्षक झाला. पेझ्ली गावातल्या ज्या शाळेत तो होता, तिथे मुलांना मारायला शिक्षकांकडे चामड्याचा पट्टा असायचा. स्कॉटलंडमधल्या शाळांत ही तेव्हा सर्रास रीत होती. कटलरला ती सहन होईना. शाळा सोडताना त्याने आपल्या टेबलातला पट्टा काढला, त्याचे तुकडे केले आणि वर्गातल्या मुलांना वाटून टाकले. त्याच्याबद्दल काहीही सांगायचं झालं तर मी ही गोष्ट आधी सांगते, कारण मुलांच्या बाजूने उभा असलेला हा माणूस पुढे त्याच्या प्रत्येक कवितेत दिसतो.

तिथून तो ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत गेला. तासाला बसायचं की नाही हे जिथे मुलं ठरवतात, ती ही शाळा. मग लंडन. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांतून तो सात ते अकरा वर्षांच्या मुलांना संगीत, नाच, नाटक आणि कविता शिकवायचा. हे काम त्याने १९८० पर्यंत केलं. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मंचावरची सुरुवात १९५७ मध्ये, लंडनच्या ब्लू एंजल क्लबमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. कार्यक्रम साफ पडला. पण दोनच वर्षांनी बीबीसी रेडिओवर सोमवारी रात्रीच्या एका कार्यक्रमात त्याला जागा मिळाली आणि १९६३ पर्यंत तो तिथे येत राहिला. बारीक आवाज, ठाय लयीतलं ग्लासगोचं बोलणं, आणि मागे पेटी. त्याच सुमारास पहिल्या ध्वनिमुद्रिका आल्या.

इथे पेटीबद्दल थोडं बोलू द्या. त्याची पेटी म्हणजे पायाने भाता मारायची, आपल्या संगीत नाटकवाल्यांच्या पायपेटीच्या जातीतली. युरोपातून ती आपल्याकडे आली आणि आपण तिला मांडीशी घेतलं. तिकडे ती मुख्यतः ऑर्गन न परवडणाऱ्या छोट्या चर्चमध्ये राहिली. म्हणजे ब्रिटिश श्रोत्याच्या कानाला तो आवाज प्रार्थनेचा, गंभीर, थोडा उदास. कटलर नेमकं त्याच आवाजावर काहीतरी अचाट, तर्काबाहेरचं बोलायचा आणि चेहऱ्यावरची रेष हलू द्यायचा नाही. हशाची अर्धी कामगिरी पेटीची. स्वर साधे, दोन-तीन सुरावटी, मध्येच नुसता धरलेला षड्ज. शब्द संपला तरी सूर चालू, आणि त्या चालू सुरात श्रोता विचार करत बसतो की आपण आत्ता ऐकलं ते काय होतं. तबल्याच्या ठेक्यावर ही गंमत येणार नाही, गिटारवरही नाही. तिथे तार छेडली की सूर विरायला लागतो. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो, त्यामुळे थांबा किती लांबवायचा हे संपूर्ण तुमच्या हातात. विनोदात याहून मोठी सोय नाही. (गंमत अशी की बीबीसीवर त्याची पेटी वाजत होती तेव्हा आपल्या आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० साली घातलेली ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही.)

कवितेची जातही वेगळी. आपल्याकडे विनोदी कविता म्हटली की 'झेंडूची फुले'पासूनचं विडंबन किंवा वात्रटिका डोळ्यांसमोर येते: यमक जुळलं, चौथ्या ओळीला टोला बसला, टाळी पडली. कटलरकडे बहुतेकदा यमक नाही आणि टोलाही नाही. स्कॉटलंडमधल्या एका कडक शिस्तीच्या, ओढगस्तीच्या घरातल्या बालपणावर त्याची एक मालिकाच आहे. तिची ध्वनिमुद्रिका १९७८ ची. त्यात आजोबा सांगतात की स्कॉटलंडला जी काही बुद्धी आहे ती हेरिंग मासळीमुळे, आणि सगळी पोरं अक्षरही न कळता माना डोलावतात. एवढंच. पण मोठ्यांपुढे अशी मान डोलावली नाही असं कोण आहे? मला हे विनोदापेक्षा मोठं वाटतं. यात घराची थंडी आहे, वडिलांचा धाक आहे, आणि तरी कुणावर राग नाही. कविता लिहायला त्याने चाळिशी ओलांडल्यावर घेतली आणि पहिला संग्रह आला १९७३ मध्ये, म्हणजे पन्नाशीत. तुम्हाला उशीर झालाय असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

आता १९६७. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने त्याला टीव्हीवर पाहिलं आणि त्यांच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या टीव्ही-सिनेमात बोलावलं. बीटल्सचा ड्रमवाला रिंगो, त्याच्या सिनेमातल्या जाड्या मावशीच्या प्रेमात पडणारा, बसमधला किडकिडीत बस्टर ब्लडव्हेसल तो हाच. पेटीवरचं त्याचं एक गाणंही चित्रित झालं होतं, ते अंतिम संकलनात कापलं गेलं. त्याच वर्षी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्याची ध्वनिमुद्रिका केली. बास आणि ड्रमवाल्यांबरोबर, पियानोवर, जॅझच्या अंगाने.

आणि पुढचा सोमवार उजाडला तसा हा शाळेत. मी ही गोष्ट फार महत्त्वाची मानते. बीटल्सबरोबर काम केल्यानंतर तेरा वर्षं त्याने शाळा सोडली नाही. या तेरा वर्षांत काय काय झालं बघा. १९६९ पासून निवेदक जॉन पील त्याला बीबीसीवरच्या आपल्या रॉक संगीताच्या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रणाला बोलावू लागला, त्यामुळे त्याच्या निम्म्या वयाची पोरं त्याची चाहती झाली. १९७४ मध्ये रॉक गायक रॉबर्ट वायटच्या 'रॉक बॉटम' या ध्वनिमुद्रिकेवर त्याचा आवाज आला. १९७४ ते ७६ मध्ये व्हर्जिन कंपनीने त्याच्या तीन ध्वनिमुद्रिका काढल्या. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं आली, त्यातली काही हेलन ऑक्सनबरी यांच्या चित्रांची. आणि शाळेची घंटा रोज वाजतच होती.

पोटासाठी नोकरी आणि मनासाठी कला, असं त्याच्याबाबतीत मला मुळीच वाटत नाही. सात वर्षांचं मूल जसं बोलता बोलता मध्येच मुंगीच्या घरी जाऊन येतं, ती उडी त्याच्या कवितेत आहे, आणि ती त्याने वर्गात बसून, मुलांबरोबर गाणी-नाटकं रचता रचता ताजी ठेवली. वर्ग हीच त्याची तालीम होती. म्हणून त्याच्या विनोदात कुठे खोटेपणा येत नाही. मोठा माणूस लहान मुलाची नक्कल करतो तेव्हा ते लगेच कळतं; कटलर नक्कल करत नाही.

निवृत्तीनंतरही तो थांबला नाही. ऐंशीच्या दशकात त्याच्या ध्वनिमुद्रिका रफ ट्रेड कंपनीने काढल्या, नव्वदच्या दशकात क्रिएशनने, म्हणजे ओएसिस या रॉक बँडवाल्या कंपनीने. पंच्याहत्तरीतल्या पेटीवाल्याची ध्वनिमुद्रिका त्यांनी १९९८ मध्ये काढली. गोंगाटाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचा तो सभासद होता. लंडनभर सायकलने फिरायचा आणि भेटेल त्याला स्वतःची वाक्यं छापलेले स्टिकर द्यायचा. २००४ मध्ये त्याने मंच सोडला. ३ मार्च २००६ रोजी तो गेला. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या सहभागाने त्याच्या आयुष्यावर संगीत नाटक झालं.

तेव्हा माझं मत विचाराल तर राजीनामा देऊ नका. शक्य असेल तर वर्षभराची बिनपगारी रजा घ्या, कार्यक्रम लावा, पण वर्गाशी संबंध तोडू नका. तुमच्या कवितेतली पोरं, त्यांचे पालक, परिपाठाच्या रांगा, हे सगळं तिथूनच येतंय, आणि ते संपलं की तुम्ही राजकारण्यांवरच्या वात्रटिकांकडे वळाल. त्या लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

कटलर ऐकायचा असेल तर बीटल्सच्या सिनेमापासून सुरुवात करू नका, तिथे तो फार थोडा दिसतो. आधी १९७८ ची ती घरातल्या गोष्टींची ध्वनिमुद्रिका ऐका. बोली ग्लासगोची असली तरी तो इतका सावकाश बोलतो की दुसऱ्यांदा ऐकताना सगळं लागतं. मग १९६७ ची पियानोवाली. आणि ऐकताना एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवा: भाता पायाने मारल्यामुळे त्याचे दोन्ही हात मोकळे असायचे. तुमच्याकडे हातपेटी असेल तर डावा हात भात्यावरच जाणार. म्हणून त्याच्या सुरावटी जशाच्या तशा उचलायच्या भानगडीत पडू नका. उजव्या हाताने सा-प धरा, भाता संथ ठेवा आणि कविता त्यावर बोला. गाऊ नका.