लांडग्यांमध्ये राहून त्यांच्या वर्तनाचा अभ्यास खरोखर करता येतो का?

आपण विचारले आहे की लांडग्यांच्या टोळीत राहून, त्यांच्यासारखे वागून त्यांचा अभ्यास करता येतो का, की हे सारे माहितीपटांपुरतेच असते. अभ्यास करता येतो, परंतु त्यासाठी लांडगा व्हावे लागत नाही. लांडग्याने आपली दखलच घेऊ नये इतके त्याच्या सवयीचे व्हावे लागते, आणि ते फार थोड्या ठिकाणी साधते.

असे जिथे साधले ती जागा म्हणजे कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील, ८० अंश उत्तर अक्षांशावरचे एल्समियर बेट. तिथे माणसाने फारसा छळ केलेला नसल्यामुळे तिथले पांढरे लांडगे माणसाला विशेष भीत नाहीत. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी १९८६च्या उन्हाळ्यात अशा एका टोळीला आपल्या वावराची सवय लावली आणि पुढे दर उन्हाळ्यात जाऊन ती टिकवली. टोळी बहुधा त्याच परिसरातील बिळांत पिल्ले वाढवत असे आणि तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे प्रत्येक लांडगा वेगळा ओळखून, कधी कधी अवघ्या एका मीटरवरून त्यांना निरीक्षण करता आले. बिळापाशी दिसणारे दृश्य तसे साधेच असते: शिकारीहून परतलेल्या लांडग्याकडे पिल्ले धाव घेतात, त्याच्या तोंडाला चाटत ढुशा देतात आणि तो पोटातले मांस ओकून त्यांच्यापुढे टाकतो. (घरी परतल्यावर आपला कुत्रा तोंड चाटायला धडपडतो, तेव्हा मला हेच आठवते.)

इतक्या जवळून पाहिल्याचा खरा उपयोग पुढे आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडगे पाहून १९४७ मध्ये जे लिहिले, त्यातून टोळीत सतत वर्चस्वाची झुंज चालते आणि जिंकणारा 'अल्फा' होतो, अशी समजूत रूढ झाली. मात्र ते लांडगे सुमारे दहा मीटर बाय वीस मीटरच्या आवारात कोंडलेले होते आणि एकाच वेळी त्यांची संख्या दहापर्यंत असे. तरुण लांडगा मोकळ्या रानात एक ते तीन वर्षांचा होईपर्यंत सहसा घर सोडून निघून जातो. इथे जायला जागाच नव्हती. एल्समियरवरच्या तेरा उन्हाळ्यांत मेक यांना वर्चस्वाची अशी एकही झुंज दिसली नाही. त्यांना दिसले ते एक कुटुंब: आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वर्षांची पिल्ले. पिल्लांची देखभाल मुख्यतः मादी पाहते आणि शिकार करून अन्न आणण्यात नर पुढे असतो. १९७०च्या आपल्या पुस्तकात 'अल्फा'ची कल्पना मेक यांनी स्वतःच उचलून धरली होती आणि १९९९च्या शोधनिबंधात त्यांनीच ती खोडली. बिळापाशी तेरा उन्हाळे बसल्याशिवाय हे धाडस झाले असते, असे मला वाटत नाही.

कुंपणाच्या आत लांडग्यांबरोबर झोपणारे, कच्चे मांस खाणारे लोक आपण पाहिले असतील. त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यातून कळते ते माणसाने वाढवलेला लांडगा माणसाशी कसा वागतो एवढेच. हाच प्रश्न रीतसर विचारला तर त्यालाही किंमत आहे. ऑस्ट्रियातील एर्न्स्टब्रुन येथील संशोधन केंद्रात लांडग्यांची आणि कुत्र्यांची पिल्ले अगदी लहानपणापासून सारख्याच पद्धतीने हातावर वाढवून दोहोंची तुलना केली जाते. मात्र रानातली टोळी कशी जगते, हे त्यावरून ठरवू नये.

आपल्याकडे हे करावे का, असे आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी सासवड-जेजुरीकडे निघेलच. आपला लांडगा माळरानावर धनगरांच्या मेंढ्यांच्या आसपास राहतो. माणसाची भीती गेलेला लांडगा इथे वाड्याच्या अधिक जवळ येईल आणि काठीने किंवा विषाने मरेल. एका हिवाळ्यात मी अशाच एका माळावर, बिळापासून बऱ्याच अंतरावर, झुडपाआड दुर्बीण घेऊन दोन दिवस बसलो होतो. मादीने माझ्याकडे मान वळवली नाही, फक्त एक कान फिरवला, आणि मी दिसलेलो नाही अशी मी माझी समजूत करून घेतली. शेजारी मेंढ्या चारणारे एक म्हातारे धनगर मला म्हणाले, "तिनं तुम्हाला कालच बघितलंय. आज उठला नाहीत, तर बिऱ्हाड हलवील ती." मी संध्याकाळपर्यंत उठलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी पिल्लांच्या पायांचे ठसे होते, पिल्ले नव्हती.