गॅसची नळी बदलताना

नवीन घरात शेगडी लावतोयस, तर नळीवर शंभर रुपये वाचवायला जाऊ नकोस. जुनी हिरवी रबरी नळी कुणी फुकट दिली तरी नको. आतून तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी घे, शक्यतो गॅस एजन्सीतूनच. तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की दिसायला धडधाकट असली तरी बदलायची. लांबी दीड मीटरच्या आत. सिलिंडर लांब आहे म्हणून मध्ये जोड देणं साफ चूक, त्यापेक्षा ओटा-सिलिंडरची जागा बदल.

बसवताना नळी नोझलवर पार आतपर्यंत सरकव. शेगडीच्या मागून, बर्नरच्या धगीतून ती नेऊ नकोस. आमच्याकडे ती एकदा तशीच गेली होती, बोटभर भाग काळा पडून कडक झाला होता. मग रेग्युलेटर चालू करून, शेगडीची बटणं बंद ठेवून, दोन्ही टोकांना साबणाचा फेस लाव. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत!

वास आलाच तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड, दिव्याच्या बटणाला हात नको, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.