दमसास आला, टाच यायची आहे

प्रश्न : सर, नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ट्रायथलॉन करायचे. ऑलिंपिक अंतर, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं, २ तास ४१ मिनिटांत केलेलं आहे. मग मुली, सासूबाईंचं आजारपण, बँकेतल्या बदल्या. १३ वर्षं गेली. या मार्चमध्ये मला ४४ पूर्ण झाली आणि एप्रिलपासून पुन्हा सुरुवात केली. पोहायला जड गेलं नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दुसऱ्याच आठवड्यात सलग पाच किलोमीटर धावले, मग रोजच धावायला लागले. आता सकाळी पलंगावरून उतरताना डाव्या टाचेच्या मागे, थोडं वर, ठणका लागतो. चार पावलं चाललं की जातो. आमचे मिस्टर म्हणतात, हौस म्हणून कर. मला हौस नको, स्पर्धाच करायची आहे. वेडेपणा आहे का?

उत्तर : ताई, वेडेपणा काही नाही. पण स्पर्धेचं नंतर बोलू, आधी टाच, कारण बाकी सगळं तिच्यापाशी अडलंय.

जुन्या खेळाडूंचं हे ठरलेलं दुखणं आहे. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात एक किलोमीटरला धापा टाकतो, आपोआप थांबतो, म्हणून त्याचे पाय वाचतात. तुम्हाला धाप लागत नाही. सराव सुरू केला की शरीरातलं रक्ताचं पाणी काही आठवड्यांत वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, पोटऱ्या-मांड्याही लवकर जाग्या होतात. टाचेमागची जाड शीर, फिजिओ जिला अकिलीज टेंडन म्हणतात, ती मात्र महिन्यांच्या हिशेबानं घट्ट होते. थोडक्यात, इंजिन ओव्हरहॉल करून आणलंय आणि गाडीचे पाटे जुनेच आहेत.

तेव्हा तीन आठवडे धावणं बंद. घरच्या जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभ्या राहा, कठड्याला हात टेकवा. दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग उजवा पाय काढून घ्या आणि एकट्या डाव्या पायावर टाच सावकाश, मनात तीन-चार मोजत, खाली येऊ द्या. अशा १५ वेळा, तीन फेऱ्या. मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढ्याच, कारण वाकल्या गुडघ्यानं पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो आणि धावताना जास्त भार त्याच्यावर असतो. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. सगळ्या फेऱ्या पहिल्याच दिवशी करू नका, आठवडाभरात तिथवर या. करताना थोडं दुखेल, चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचा ठणका वाढलेला नसला म्हणजे झालं. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली जाऊ देऊ नका. आणि कधी मागून कुणी काठी मारल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर गाठा.

दुखणं ओसरलं की एक दिवसाआड धावायचं. दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. तुम्हाला लाज वाटेल, ट्रॅकवरच्या आजीबाई पुढे जातील. जाऊ द्यात.

तोवर दम वाढवायचं काम सायकलवर करा, तिथं टाचेला धक्का नाही. त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत जाऊन आलात तरी पुष्कळ, फक्त श्रावणातले सोमवार सोडा. शिवाय सिंहस्थाची कामं चालू आहेत, खडी अंगावर येते. गिरणाऱ्याकडचा रस्ता मला त्यापेक्षा बरा वाटतो. तुम्ही सोडलंत तेव्हा पहाटे सायकलवर दिसणारी बाई म्हणजे नवल होतं. २०१५ मध्ये आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडायची सायकल शर्यत, पूर्ण केली, त्यानंतर चित्र पालटत गेलं. आता बायकांचे ग्रुप पहाटे रस्त्यावर असतात. कुणाबरोबर तरी जा. वेग मात्र एवढाच की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर माझा फार भरवसा नाही. नाडीचे जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं.

पोहण्याबद्दल एवढंच : हाताला वळण आठवतं, खांद्याला ताकद आठवत नाही. आज जमतंय म्हणून अंतर दुप्पट करू नका. गंगापूर धरणात एकटीनं सराव, ही कल्पना कुणी दिली तर त्याचा नंबर डिलीट करा.

आता स्पर्धा. वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात आणि वय मोजतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं. म्हणजे यंदा तुम्ही ४० ते ४४ च्या गटात सगळ्यांत थोरल्या. पुढच्या वर्षी १ जानेवारीपासून ४५ ते ४९ मध्ये जाल, तिथं सगळ्यांत धाकट्या! माझं मत स्पष्ट आहे : यंदा बिब नंबर, म्हणजे छातीवरचा स्पर्धकाचा क्रमांक, लावूच नका. पुढच्या वर्षी आधी एक स्प्रिंट, म्हणजे ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. टाच शांत राहिली तर त्यानंतर ऑलिंपिक अंतर. व्यासपीठाची भूक असेल तर ती तिथं भागेल. २ तास ४१ मिनिटं हा आकडा वर्षभर कपाटात ठेवा, सरावाचा वेग त्यावरून ठरवायचा नाही. सध्याच्या दमावरून ठरवायचा.

त्याआधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, माहेरी कुणाला हृदयविकार असेल तर नक्कीच. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा. पाळी अनियमित झाली असेल किंवा अंगावरून जास्त जात असेल तर लोह कमी पडतं आणि बायका त्याला वयाचा थकवा समजून गप्प बसतात. जुनी सायकल चालेल, टायर मात्र बदला. पडून राहिलेल्या रबराला बारीक चिरा जातात. हेल्मेट १३ वर्षांपूर्वीचं असेल तर फेकून द्या. हँडल पूर्वीइतकं खाली ठेवण्याचा हट्टही नको, कंबर आता तेवढी वाकत नाही.

मिस्टरांना म्हणावं, हौस त्यांनी करावी. रविवारी तुमच्यामागे स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन यावं.

प्रश्न : वय ५२, नाशिकरोड. पूर्वी मॅरेथॉन धावायचो, दहा वर्षं बंद आहे. पाण्याची भीती वाटते. ट्रायथलॉनऐवजी ड्युएथलॉन केली तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण सोपी समजून जाऊ नका. ड्युएथलॉनमध्ये धावणं, सायकल आणि पुन्हा धावणं असतं. म्हणजे पोटऱ्यांना दोनदा जुंपायचं. वरच्या ताईंचा पायरीचा व्यायाम दुखणं नसतानाही सुरू करा. आणि पाण्याची भीती बावन्नाव्या वर्षीही जाते. तरणतलावावर सकाळच्या शिकाऊ बॅचला नाव घाला, कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून नाकानं बुडबुडे सोडण्यापासून सुरुवात करा. बॅचमध्ये सातवीतली पोरं असतील, त्यांच्याशी गट्टी करा.