वाचकांचे प्रश्न : डोंगरावरची गाडीवाट बंद झाली, आता काय करावे?

प्रश्न : आम्ही ठाण्यातले दहा-बारा मित्र गेली अठरा वर्षे सुटीच्या दिवशी फोर बाय फोर गाड्या घेऊन मुरबाडच्या बाजूला जात आहोत. डोंगराच्या सोंडेवरून माळावर चढणाऱ्या आमच्या नेहमीच्या वाटेच्या तोंडाशी गेल्या उन्हाळ्यात आडवा चर खोदला गेला, दगड रचले गेले आणि 'वाहनांस प्रवेश बंद' असा फलक लागला. आम्ही कचरा टाकत नाही, दारू पीत नाही, गावातल्याच घरी पैसे देऊन जेवतो. जमीन सरकारची म्हणजे जनतेची असेल, तर आम्हाला न विचारता ती बंद कशी करता येते?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मी स्वतः अनेक वर्षे जुनी जिप्सी चालवली आहे आणि नेहमीच्या वाटेवर अचानक चर दिसला की पोटात कसे तुटते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते. सरकारी जमीन एका प्रकारची नसते. गायरान, राखीव वन, अभयारण्य, सिडकोने संपादित केलेली जमीन, या सगळ्यांची मालकी सरकारकडे किंवा सरकारी संस्थेकडे असली, तरी प्रत्येक ठिकाणी तुमचा प्रवेशाचा हक्क वेगळा आहे. तेव्हा भांडण्याआधी तलाठ्याकडे जाऊन त्या गट नंबरचा सातबारा आणि गाव नमुना 1-अ, म्हणजे वनजमिनींची नोंदवही, पाहून घ्या.

त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे गावाचा नकाशा. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. तुमची वाट दुहेरी तुटक रेषेची निघाली, तर तुमच्या हातात खरा मुद्दा आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 25 नुसार राखीव वनातली वाट वन अधिकाऱ्याला बंद करता येते. मात्र त्यासाठी राज्य शासनाची किंवा शासनाने त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते आणि शासनाच्या मते पुरेशी सोयीची पर्यायी वाट आधीपासून असावी लागते किंवा करून द्यावी लागते. माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून दोनच गोष्टी मागा : ती जमीन राखीव वन असल्याच्या राजपत्रातील अधिसूचनेची प्रत आणि वाट बंद करण्याच्या आदेशाची प्रत. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. न आल्यास प्रथम अपील करा. मंजुरीच झालेली नसेल, तर उपवनसंरक्षकांकडे लेखी निवेदन देताना हा मुद्दा अगदी वरच लिहा.

वाट नकाशावर नसेल, तर मात्र अठरा वर्षांच्या वहिवाटीचा फारसा उपयोग होणार नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सुखाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे खासगी जमिनीवर वहिवाटीचा हक्क सिद्ध करायला 20 वर्षे आणि सरकारी जमिनीवर 30 वर्षे लागतात. राखीव वनात तर तीही सोय नाही. वन अधिनियमाच्या कलम 23 नुसार तिथे वारसा किंवा शासनाने, शासनाच्या वतीने अथवा राखीव वनाची अधिसूचना निघताना तो हक्क ज्याच्याकडे होता त्याने लेखी दिलेले अनुदान वा केलेला करार यांखेरीज नवा हक्क निर्माणच होत नाही. विनापरवाना आत शिरणे हा कलम 26 खाली गुन्हा आहे. दगड बाजूला सारून किंवा चर बुजवून आत गेलात, तर आजवर जे कमावले असेल तेही गमवाल, आणि तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याचे तोंड बंद कराल.

आता एक जड मनाने सांगतो. काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या चार गाड्या अशाच एका माळावर चढल्या. उतरताना चिखलात चाके फिरली आणि चार बोटे खोल असे दोन चाकोऱ्यांचे पट्टे उमटले. सप्टेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा त्याच चाकोऱ्यांतून ओहळ वाहत होता आणि एका ठिकाणी माझा पाय गुडघ्याच्या खाली आत गेला. खालच्या पाड्यावरच्या एका आजोबांनी मला हाताला धरून त्यांच्या भातखाचरात नेले. बांध फुटला होता आणि आवणाच्या एका कोपऱ्यात लाल मुरुमाची साय बसली होती. ते रागावले नाहीत. "पोरा, पाणी वाट शोधतं, तुम्ही त्याला ती दाखवलीत," एवढेच म्हणाले. कोकणातल्या पावसाचे पाणी सोंडेवरून उतरताना जे झुडूप माती धरून ठेवते, ती कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. येऊरच्या डोंगरात ती 2016 साली फुलली आणि त्यानंतर 2024 साली. चाकाखाली चिरडलेल्या कारवीची भरपाई पुढच्या सुटीपर्यंत होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की निवेदनात सरसकट 'वाट खुली करा' असे लिहू नये. जून ते ऑक्टोबर वाट पूर्ण बंद, कोरड्या दिवसांत ठरावीक संख्येने नोंदणी केलेल्या गाड्या, एकच आखलेली चाकोरी, आणि खराब झालेला भाग तुमच्या गटाने हाताने दुरुस्त करून देणे, अशी मागणी घेऊन आधी ग्रामसभेपुढे जा. वनहक्क कायदा, 2006 नंतर सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याचे वजन आहे, आणि ज्यांच्या घरी तुम्ही जेवता त्यांनीच तुमची बाजू मांडली, तर तिचे मोल कितीतरी अधिक असेल.

प्रश्न : ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठच्या बंधाऱ्यावरून आम्ही ओहोटीला गाड्या नेत असू. तिथेही आता अडथळा उभारला आहे. इथेही असाच अर्ज करावा का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही, इथे मी तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात कांदळवनांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातील बांधकाम व राडारोडा यांवर बंदी घातली आहे. ठाणे खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर पाणथळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. अभयारण्यात सार्वजनिक महामार्गाने जाणाऱ्याला परवाना लागत नाही. कर्नाळ्यातून मुंबई-गोवा महामार्गाने आपण सगळे असेच जातो. पण बंधारा म्हणजे महामार्ग नव्हे, आणि वन्यजीव कायद्याखाली गाडी जप्तही होऊ शकते.

प्रश्न : माझ्या वडिलांचा एक पाय अपघातात गेला. ते आयुष्यभर डोंगर भटकले. आता गाडीनेच माळावर जाता येत होते, तेही थांबले. त्यांच्यासाठी काही मार्ग आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील कलम 29 नुसार दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने मनोरंजनाच्या कार्यक्रमांत सहभागी होता यावे, यासाठी शासनाने उपाययोजना करायची आहे. या कलमाचा उल्लेख करून, वडिलांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडून, कोरड्या दिवसांतील एक तारीख आणि एकाच गाडीचा क्रमांक देऊन परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना अर्ज करा. क्षेत्र अभयारण्याचे असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 28 मध्ये पर्यटनासाठी प्रवेश परवान्याची तरतूद आहेच, तिचाही उल्लेख करा. पोच घ्यायला विसरू नका. पहिल्या वाचकांच्या गटाने आपल्या निवेदनात अशा नागरिकांसाठी महिन्यातला एक दिवस मागितला, तर ते निवेदन वाचायला मला फार आवडेल.